पाऊस, पाळी आणि पुढे ढकलायची गोळी

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी ४१ वर्षांची आहे. सावंतवाडीपासून तासाभराच्या अंतरावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. गेली तीन-चार वर्षं पाऊस लागला की पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस मी माझी राहत नाही. छाती दुखते, पोट फुगतं, डोकं जड होतं आणि सारखा राग येतो. गेल्या श्रावणात मुलगा डबा शाळेत विसरून आला, एवढ्यावरून मी हातातलं उलथनं भिंतीवर फेकलं. मग न्हाणीत जाऊन रडत बसले. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं ओसरतं. पहिल्या दिवशीचं दुखणंही पावसातच जास्त. मार्च-एप्रिलमध्ये मी गोळी न घेता शाळेत जाते. नवरा गमतीत म्हणतो, "आला तुझा पाऊस." सासूबाई म्हणतात, "पावसात सगळ्यांकाच असा होता गो." शेजारच्या काकू म्हणतात, हा वाताचा काळ. धाकटी बहीण स्कॉटलंडला ॲबर्डीनमध्ये असते. तिला हेच सगळं तिथल्या हिवाळ्यात होतं. ती रोज सकाळी एका मोठ्या दिव्यासमोर बसते आणि मलाही तसला दिवा पाठवते म्हणते. पावसाचा हार्मोन्सवर परिणाम होतो का? की माझं वय झालं? की मनाचे खेळ आहेत? श्रावणात सोमवार-शनिवार उपास, घरी सत्यनारायण, मग लगेच गणपती, म्हणून दोनदा पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी लागते, ती सोडली तर दुसरं कसलंही औषध मी घेत नाही. दिवा मागवू का?

— एक वाचक, सिंधुदुर्ग

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना पाऊसच दिसला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटून दुसऱ्या वाक्यावर अडखळले. त्या वाक्याकडे येणारच आहे, पण तुम्ही जे विचारलंय ते आधी घेऊ.

मनाचे खेळ नाहीत. दर महिन्याला त्याच दिवसांत यावं आणि पाळी सुरू झाली की चोवीस तासांत उतरावं, इतका काटेकोर खेळ मनाला जमत नाही. यामागे बीजकोश आहेत. पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं. ते जिथून सुटतं तिथे एक पिवळसर गाठ तयार होते आणि ती दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन बनवत राहते. सोबत इस्ट्रोजेनही असतं. गर्भ राहिला नाही तर ती गाठ आकसते, दोन्ही हार्मोन्स झपाट्यानं खाली येतात आणि गर्भाशयाचं अस्तर सुटतं. तीच पाळी. तुमचे ते आठ-दहा दिवस या चढाच्या टोकापासून उतार संपेपर्यंतचे आहेत.

इथे एक गैरसमज आहे, आणि त्यापायी बायका पैसेही घालवतात. "माझे हार्मोन्स बिघडलेत" असं म्हणत त्या लॅबमध्ये जातात, दोन-चार हजारांचं पॅकेज करतात आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. मग घरचे म्हणतात, बघ, काही नाही, उगाच करतेस. रिपोर्ट नॉर्मलच यायचा! पाळीआधीचा त्रास असलेल्या बहुतेक बायकांच्या रक्तातली हार्मोन्सची पातळी इतरांसारखीच असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार हुशारीनं दाखवलं. १९९८ साली ते छापून आलं. त्यांनी इंजेक्शन देऊन बीजकोशांचं काम काही काळ थांबवलं, तेव्हा त्रास असलेल्या बऱ्याच बायकांना बरं वाटलं. मग त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, तर त्रास परत आला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्या बायकांना हेच सगळं करूनही काही झालं नाही. म्हणजे हार्मोन तेच आणि तेवढंच. फरक आहे तो ते झेलणाऱ्या मेंदूत.

प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्ननोलोन नावाचं एक द्रव्य तयार होतं. मेंदूतल्या ज्या कड्यांवर झोपेच्या काही गोळ्या काम करतात, त्याच कड्यांना तेही धरतं. म्हणून बहुतेकींना त्यानं शांत, जरा सुस्त वाटतं. काही जणींचा मेंदू मात्र त्याला उलटा प्रतिसाद देतो, त्यांची चिडचिड होते, धसका बसल्यासारखं वाटतं, रडू येतं. या चढउतारात सेरोटोनिनचाही तोल जातो, आणि मूड, झोप, गोड खायची ओढ ही सगळी खाती त्याच्याकडे आहेत. तुमचा मेंदू या दुसऱ्या गटातला दिसतो. हा स्वभावदोष नव्हे. कुणाला गाडी लागते, कुणाला नाही, तसंच हे.

आता पाऊस.

मेलबर्नमध्ये २००२ साली संशोधकांनी मेंदूतून परत येणारं रक्त मानेच्या शिरेतून घेऊन सेरोटोनिनचा हिशोब मांडला. हिवाळ्यात तो सगळ्यात कमी भरला, आणि ज्या दिवशी ऊन जास्त त्या दिवशी जास्त. (तपासलेली १०१ माणसं, सगळी पुरुष. बायकांच्या दुखण्याचं बरंचसं ज्ञान असं पुरुषांच्या मानेतून आलेलं आहे, काय करणार.) त्याआधी १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी दर हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन केलं होतं. १९८७ मध्ये बार्बरा पॅरी यांनी त्यांच्याच सोबतीनं एका बाईची हकीकत छापली. तिचा पाळीआधीचा त्रास ऋतूप्रमाणे यायचा, थंडीच्या दिवसांत, आणि तेजस्वी प्रकाशानं तो कमी झाला. तुमच्या बहिणीचा दिवा या घराण्यातला आहे. ॲबर्डीनला डिसेंबरात दिवस पावणेसात तासांचा असतो, जूनमध्ये जवळपास अठरा तासांचा. एवढा फरक सोसताना मेंदूनं कुरकुर केली तर नवल नाही.

सावंतवाडीचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात दोन तासांचाही फरक नाही. शिवाय आपला सगळ्यात मोठा दिवस येतो तो नेमका पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये. म्हणजे घड्याळ बघितलं तर तुम्हाला जूनमध्ये छान वाटायला हवं. पण सूर्य उगवला आणि मिळाला यात कोकणात चार महिन्यांचं अंतर असतं. वर ढग. पडवीला झड लागू नये म्हणून ताडपत्री बांधलेली. चिऱ्याच्या भिंती, लहान खिडक्या, त्याही पाऊस आत येतो म्हणून लावलेल्या. दिवसा ट्यूब लावून भात निवडायचा, तीही वीज असली तर. शाळेच्या वर्गात तेच.

उजेड मोजायचं एकक लक्स. घरातल्या ट्यूबखाली तो शंभर ते तीनशे भरतो. बहिणीचा दिवा असतो दहा हजारांचा, आणि त्याच्यासमोर सकाळी अर्धा तास बसायचं असतं. उघड्यावर, पूर्ण ढगाळ दिवशीही, साधारण हजार ते दहा हजारांच्या दरम्यान उजेड असतो. उन्हात तो लाखाच्या घरात जातो. म्हणजे धुरकट, पागोळ्या गळणाऱ्या सकाळीसुद्धा खळ्यात उभं राहिलात तर स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी पट उजेड डोळ्यांत जातो. तेव्हा दिवा आत्ता मागवू नका. पडवीची ताडपत्री पूर्वेकडून तेवढी गुंडाळून ठेवायला सांगा आणि सकाळचा चहा तिथे बसून, बाहेर बघत घ्या. भाजी तिथे बसून निवडा. शाळेत मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न बसता व्हरांड्यात उभ्या राहा. रोज अर्धा-पाऊण तास, जमेल तेवढं सकाळीच. दोन महिने एवढं नेमानं करून फरक पडला नाही आणि बहीण दिवाळीला येणारच असेल, तर पुढच्या वर्षीसाठी आणू दे तिला दिवा. घरात कुणाला कधी मूड अतिशय चढण्याचा आजार झाला असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचं दुखणं असेल तर मात्र तो विचारूनच वापरायचा.

काकूंच्या वाताबद्दल. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप होतो असं आयुर्वेदात सांगितलेलं आहे. म्हणजे पावसात अंग दुखतं, पोट बिघडतं, माणूस तिरसट होतो, हे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. त्यावर माझं काकूंशी भांडण नाही. पण "वाताचा काळ" असं म्हणून विषय संपवला की पुढचं शोधायचं राहून जातं. सासूबाईंचं "सगळ्यांकाच असा होता" हेही त्यातलंच.

पुढचं म्हणजे ते वाक्य.

"दोनदा पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी लागते, ती सोडली तर दुसरं कसलंही औषध मी घेत नाही." बाई, तुम्ही हार्मोन्सचं पत्र लिहिलंत आणि जे हार्मोन स्वतःच्या हातानं गिळता ते औषधांतूनच वगळलंत. तुमची चूक नाही. मेडिकलमध्ये "गणपती आहेत, गोळ्या द्या" म्हटलं की पट्टी मिळते, घरोघरच्या बायका घेतात, ते औषध वाटतच नाही. ही गोळी बहुतेक करून नॉरएथिस्टेरॉनची असते. ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करायची. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, कारखान्यात तयार केलेलं हे हार्मोन. ज्या उतारानं पाळी येते तो उतार ही गोळी अडवून धरते.

आता तुमच्या मेंदूच्या बाजूनं बघा. एरवी आठ-दहा दिवस ताणलेला असतो, पण पाळी आली की सुटतो. गोळी घेतली की सुटकेचा दिवस पुढे जातो. गणपती पाच दिवसांचे असतील तर आठवडाभर, अकरा दिवसांचे असतील तर दोन आठवडे. शिवाय मूड उतरणं, छाती ठणकणं, पोट फुगणं, डोकं दुखणं हे या गोळीच्या माहितीपत्रकात छापलेले परिणाम आहेत. तुमच्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात हीच यादी आहे. आणि तुम्ही हे महिना-दीड महिन्यात दोनदा करता. गोळी थांबल्यावर येणारी पाळी नेहमीपेक्षा जोराची वाटू शकते, दुखणंही तसंच.

उलथनं श्रावणात फेकलंत, असं तुम्हीच लिहिलंय. आठवून बघा, सत्यनारायण झाला होता की व्हायचा होता? गोळी चालू होती का?

सगळं खापर गोळीवर फोडत नाहीये. तुमचा त्रास जूनपासून सुरू होतो आणि जून-जुलैत गोळी नसते. म्हणूनच तुमचा पावसाळा मला एकसंध दिसत नाही. जून-जुलैचं एक प्रकरण आहे, श्रावण-भाद्रपदाचं दुसरं. पहिल्यात काळोख, शाळा उघडल्याची धावपळ, बंद पडलेलं फिरणं आणि न वाळणारे कपडे. दुसऱ्यात यांच्या जोडीला उपास, पाहुणे आणि गोळी. दोन्हींचे उपाय वेगळे, त्यामुळे आधी वेगळं काढून बघायला हवं.

त्यासाठी यंत्र लागत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख आणि कुठेतरी कोपऱ्यात पाळीचा टिंब. तोच वापरा, फक्त टिंबाऐवजी रोज एक आकडा लिहा. रात्री झोपताना. मूडसाठी शून्य ते तीन, शून्य म्हणजे ठीक, तीन म्हणजे उलथनं. शेजारी दुखण्यासाठी दुसरा आकडा. पाळीच्या दिवशी गोल. उपासाच्या दिवशी उ, गोळीच्या दिवशी गो, दिवसभर घराबाहेर पडणं झालं नाही तर घ. एवढंच. आठवून लिहायचं नाही, त्या त्या दिवशीच लिहायचं. कारण महिनाअखेरीस आठवायला बसलं की आपल्याला वाईट दिवसच आठवतात आणि ते सगळे पाळीच्या खाती जमा होतात. नवऱ्याशी झालेलं भांडणसुद्धा. निदान दोन पाळ्यांची अशी नोंद असल्याशिवाय मीही निदान सांगत नाही.

नोंदीत काय बघायचं? पाळी गेल्यापासूनचा आठवडा स्वच्छ, शून्य-एकचा, आणि आकडे फक्त उत्तरार्धात चढलेले असतील तर तो पाळीआधीचाच त्रास. पहिला आठवडाही दोन-तीनचा असेल तर मग ती उदासी, चिंता, थायरॉइड, रक्तक्षय असं आधीपासूनच घरात असलेलं काहीतरी आहे आणि पाळीआधी ते फक्त वाढतं. त्याचा उपाय निराळा. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या दोन तपासण्या मात्र करूनच घ्या, त्या महागही नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायका ॲनिमिक निघाल्या होत्या. त्यामुळे "मला नसेल" असं धरून चालू नका.

वयाचं म्हणाल तर हो, त्याचाही हात आहे. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, आणि त्याआधीची काही वर्षं बीजकोश लहरी होतात. इस्ट्रोजेन एका महिन्यात उंच, पुढच्या महिन्यात खाली. ज्यांना चढउतार सोसत नाहीत त्यांचा त्रास याच वर्षांत वाढतो. "तीन-चार वर्षांपासून" हे तुमचे शब्द त्यात बरोबर बसतात.

उपासाकडे वळते. उपास सोडा असं सांगणार नाही. पण पाळीच्या आधीच्या आठवड्यात सकाळी नुसता चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी परत चहा, हे तुमच्या डोक्यावर आणि घरच्यांवर अन्याय करणारं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यावर तळलेले वेफर्स आणि त्यांतलं मीठ, की पोट फुगायला आणखी निमित्त. राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, एक ग्लास ताक असं दोन-तीनदा थोडं थोडं खा. एका आठवड्यात दोन उपास येत असतील तर त्या आठवड्यापुरता एक करा. देव हिशोब मागत असता तर आतापर्यंत बऱ्याच जणांना मागितला असता.

कॅल्शियमबद्दल खास सांगायचं आहे, कारण पाळीआधीच्या त्रासावर ज्या थोड्या साध्या गोष्टींचा नीट प्रयोग झालाय त्यांत ते आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत सुसान थाइस-जेकब्स यांच्या गटानं साडेचारशेहून जास्त बायकांना तीन पाळ्या रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम किंवा तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. कॅल्शियमवाल्यांचा त्रास ४८ टक्क्यांनी उतरला, पोकळ गोळीवाल्यांचा ३० टक्क्यांनी. (तो ३० टक्क्यांचा आकडाही बघण्यासारखा आहे. कुणीतरी आपलं ऐकतंय, लिहून घेतंय, याचंही औषध होतं.) आता तुमच्या ताटाकडे बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यापुढे श्रावण. म्हणजे जूनपासून गणपती उठेपर्यंत ताज्या माशाची चैन नाहीच. जून-जुलैत जवळा-सुकट असतं, ते खात असाल तर जरूर खा, कवचासकट जातं. श्रावणात नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी करा, आंबील करा. गोकुळाष्टमीला तुमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी करतातच, ती तेवढ्या दिवसापुरती ठेवू नका. दूध-दही आहेच. एवढं करूनही कमी पडतंय असं वाटलं तर डॉक्टरांना विचारून गोळी. मुतखडा होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय नको.

दुखण्याचं थोडक्यात. पहिल्या दिवशीची कळ प्रोस्टाग्लँडिन्समुळे येते. अस्तर सुटताना ही द्रव्यं तयार होतात आणि गर्भाशय आवळतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही गोळी त्यांचं उत्पादनच रोखते, म्हणून ती कळ असह्य झाल्यावर घेऊन उपयोग कमी. पाळी सुरू झाल्याची चाहूल लागताच, काहीतरी खाऊन घ्यायची, आणि एक-दोन दिवसच. उपासाच्या रिकाम्या पोटी मुळीच नाही. अल्सर, किडनीचा त्रास किंवा या गोळ्यांनी दमा उठत असेल तर या तुमच्यासाठी नाहीत. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं २०२३ च्या अखेरीस एक इशारा दिला होता. गोळीनंतर ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं काही दिसलं तर ती थांबवून ताबडतोब डॉक्टरकडे जायचं. क्वचित होतं, पण ठाऊक असावं. गरम पाण्याची पिशवी तर आहेच. पावसात अंग गारठलेलं, कपडे ओलसर, तेव्हा ती नुसती ओटीपोटावर नाही, कमरेवरही ठेवा. आणि कापड वापरत असाल तर दमट कापड परत घेऊ नका. चुलीवर किंवा पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवा, नाहीतर खाज आणि चट्टे हा तिसरा त्रास मागे लागतो.

एवढं करून दोन-तीन पाळ्यांनंतरही आकडे तीनवरच राहिले तर माझ्यासारख्या कुणाकडे जा, कॅलेंडरची पानं घेऊन. शंभरातल्या तीन ते आठ बायकांना हा त्रास इतका तीव्र असतो की नोकरी, संसार, नाती यांना धक्का लागतो. त्याला पीएमडीडी म्हणतात, आणि २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संहितेत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. त्यावर सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या चांगल्या लागू पडतात. एरवी उदासीत त्यांना तीन-चार आठवडे लागतात, इथे काही दिवसांत फरक दिसतो, आणि अनेकींना त्या महिन्यातले उत्तरार्धाचे दिवसच घेऊन भागतं. "मनाच्या डॉक्टरची गोळी" म्हणून दचकू नका. आणि त्या दिवसांत जगणं नकोसं झालं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर पुढच्या पाळीची वाट बघायची नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, चोवीस तास चालू, मराठीतून बोलता येतं. रक्तस्राव आठ दिवसांच्या वर गेला, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं किंवा दुखणं एप्रिलमध्येही सुरू झालं, तर सोनोग्राफी करून घ्यायची. या वयात फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, असू शकतात.

राहिले गणपती.

तुम्ही "गोळी घेते" असं लिहिलेलं नाही, "घ्यावी लागते" असं लिहिलंय. कुणासाठी, ते विचारत नाही. गणपतीला पाळी चालते की नाही या वादातही पडत नाही, तो घरोघरी वेगळा आहे आणि मी तुमच्या घरात राहत नाही. पण काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. एक, कॅलेंडर समोर ठेवून आधी मोजा. बऱ्याच बायका तारीख चुकण्याच्या भीतीनं, गरज नसताना गोळी घेतात. दोन, सत्यनारायण श्रावणातल्या कुठल्याही दिवशी करता येतो, तेव्हा तो पाळी बघून ठरवा आणि ती गोळी वाचवा. भटजींना दहा दिवस अलीकडे-पलीकडे चालतात, तुम्हीच कधी विचारलं नसेल. मग उरतो एकच प्रश्न, गणपतीचा. तिथे घ्यायचीच ठरली तर या वेळी मेडिकलमधून परस्पर नको. तीन आठवडे आधी डॉक्टरकडे जा, रक्तदाब मोजून घ्या, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल, पायात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, घरात कुणाला झाली असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर सांगा. अशांना ती धोक्याची ठरू शकते. आणि घेतलीत तर कॅलेंडरवर गो लिहायला विसरू नका.

किंवा यंदा एक वर्ष गोळी न घेता बघा. पाळी आलीच तर मोदक मुलाला वळायला शिकवा. आठवीतला आहे, पाऱ्या फाटतील चार दिवस. नैवेद्य नवऱ्यानं दाखवावा. "आला तुझा पाऊस" म्हणणाऱ्यानं छत्री धरायला काही हरकत नसावी.

गणपती उठले की चारही महिन्यांची पानं फोटो काढून मला पाठवा. खाडे आणि सिलिंडरसकट चालतील.

ता. क. पावसात अंगात ताप असताना पाळी आली तर वर सांगितलेली आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड घेऊ नका, ॲस्पिरिनही नाही. डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो, लेप्टो असला तर किडनीवर ताण येतो, आणि तुमच्या जिल्ह्याला दोन्ही नवे नाहीत. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ततपासणी. अशा तापात पाळी एकाएकी जोरात जाऊ लागली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.